शंभर फुटांची सावली

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या बाजारात गेले, तेव्हा विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू होते, रस्त्यांवर मोर्चे होते आणि नागपूरला जेवढी थंडी पडते तेवढी पडलेली होती. म्हणजे पहाटे शेकोटीशी हात शेकावेत आणि दहाच्या सुमारास स्वेटर काढून खांद्यावर टाकावा, एवढी. जिच्याकडून मी कित्येक वर्षे लोकरीचे कपडे घेते, ती ताई गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतली आहे. तिचे आईवडील बर्फातून आले, पण तिचा जन्म विदर्भातला, आणि तिने स्वतः बर्फ अजून पाहिलेला नाही. मी जानेवारीच्या अखेरीस फिनलंडच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे जाणार आहे, हे ऐकल्यावर तिने माझ्या हातातला जाडजूड कोट काढून बाजूला ठेवला आणि दोन पातळ लोकरी बंड्या पुढे केल्या. “एक जाड नको, दोन पातळ घ्या. आई असंच सांगायची,” ती म्हणाली. मी त्या घेतल्या, पण तिच्या सांगण्याचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही.

माझा भाचा फिनलंडमधल्या ओउलू या शहरात शिकतो. “आत्या, यायचं तर थंडीतच ये,” असे तो दोन वर्षे म्हणत होता. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे यांनी येण्याचे टाळले, पण मला मात्र अडवले नाही. ओळखीच्या लोकांना हा बेत समजत नव्हता. आपल्याकडे थंड प्रदेशात जायचे ते मे महिन्यात, उन्हातून सुटका म्हणून. थंडीच्या दिवसांत थंडीच्याच गावाला कशाला, असे जो तो विचारी. मला उत्तर नीट देता येत नसे. खरे कारण एवढेच होते की मी आयुष्यभर एका टोकाच्या ऋतूत राहिले आहे. २३ मे २०१३ रोजी नागपूरचे तापमान ४७.९ अंशांवर गेले, त्या दिवशी मी याच शहरात होते. दुसऱ्या टोकाला माणसे कशी राहतात, आणि नुसती राहत नाहीत तर त्यात आनंद कसा मानतात, ते मला डोळ्यांनी पाहायचे होते.

ओउलूला उतरले तेव्हा उणे सतरा होते आणि शाळा सुटली होती. मुले सायकलींवरून घरी चालली होती. पायी नव्हे, बसने नव्हे, सायकलींवरून, पांढऱ्या घट्ट दाबलेल्या बर्फाच्या रस्त्यावरून, पाठीवर दप्तरे घेऊन, गप्पा मारीत. त्या शहरात सायकलींसाठी शेकडो किलोमीटरचे वेगळे मार्ग आहेत, आणि हिमवृष्टी झाली की त्यांवरचा बर्फ तातडीने हटवला जातो. भाच्याला याचे काही कौतुक उरलेले नव्हते; तो स्वतः रोज तसाच विद्यापीठात जातो. मी मात्र बराच वेळ तिथे उभी राहून त्या मुलांकडे पाहत होते. त्यांना कोणी शूर म्हणत नव्हते. रस्ता साफ होता, हातमोजे घातलेले होते, घरी जायचे होते. एवढीच ती गोष्ट होती.

तिथून रोवानिएमीपर्यंत रेल्वेने आणि पुढे सव्वातीनशे किलोमीटर बसने आम्ही इनारी या गावाला गेलो. रोवानिएमीत पर्यटकांची मोठी गर्दी असते. आम्ही तिथे फार थांबलो नाही. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी ते शहर जवळजवळ संपूर्ण जाळले होते, आणि नंतर वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांनी रस्त्यांची आखणी रेनडिअरच्या शिंगांच्या आकारात केली, ही गोष्ट मला तिथल्या दुकानांपेक्षा जास्त लक्षात राहिली. तिथल्या वाहनतळावर प्रत्येक गाडीसमोर एक खांब होता आणि गाड्यांच्या तोंडातून वायरी निघून त्या खांबांना जोडलेल्या होत्या. इंजिन गोठू नये म्हणून निघण्याआधी ते विजेवर गरम करून घेतात, असे भाच्याने सांगितले. मला आमच्या गल्लीतल्या गाड्या आठवल्या. मे महिन्यात कडुनिंबाच्या सावलीतली जागा मिळावी म्हणून सकाळीच होणारी धावपळ, सीटवर अंथरलेला टॉवेल, स्टिअरिंगवर टाकलेला ओला पंचा आठवला. ऋतू उलटा होता, पण त्यापुढे माणसाने करायची तजवीज ओळखीची होती. तो विचार त्या वाहनतळावर मनात आला आणि पुढचे आठ दिवस सुटला नाही.

इनारीत सूर्य पाहणे हाच एक कार्यक्रम होता. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे तो क्षितिजाखाली जातो आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परत येतो. त्या काळाला तिकडे ‘कामोस’ म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा दिवस जेमतेम साडेचार तासांचा झाला होता. सूर्य उगवे तो डोक्यावर येण्यासाठी नव्हेच. पाइनच्या शेंड्यांना टेकत तो आडवाच सरके आणि पुन्हा बुडे. भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर असे. त्यामुळे सारा दिवस म्हणजे आपल्याकडची पहाट आणि संध्याकाळ, मधली दुपार काढून टाकून, एकमेकींना जोडलेल्या. बर्फावर गुलाबी उजेड, झाडांच्या सावलीत निळा. गोठलेल्या सरोवरावर पहिल्या दिवशी उभी राहिले आणि माझी सावली कुठवर जाते ते शोधू लागले. पाच फूट उंचीच्या बाईची ती सावली बर्फावरून सरळ धावत गेली होती. भाच्याने पावलांनी मोजली. शंभर फुटांच्या घरात भरली.

थंडीचे वर्णन करायचे तर अंकांनी ते होत नाही. त्या प्रदेशातल्या कित्तिला भागात २८ जानेवारी १९९९ रोजी पारा उणे ५१.५ पर्यंत उतरला होता. आम्हाला भेटली ती थंडी उणे अठ्ठावीसची, म्हणजे तिथल्या लोकांच्या दृष्टीने बोलण्यासारखीसुद्धा नव्हे. बाहेर पाऊल टाकताच नाकातले केस गोठून ताठ होतात आणि श्वास घेताना ते जाणवते. पापण्यांवर स्वतःच्याच श्वासाची वाफ पांढरी होऊन बसते. पायाखालचा बर्फ मऊ वाजत नाही, करकरतो. चण्याच्या डाळीचे पोते कोणी रगडावे तसा. वारा नसला की इतकी शांतता असते की लांबवर कोणी दार लावले तरी ऐकू येते. आणि हवा कोरडी असल्यामुळे ती थंडी हाडांत शिरत नाही, कपड्यांच्या बाहेर थांबते. अर्थात, कपडे योग्य असले तर.

माझे नव्हते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली आहे. आमच्याकडे अंगाला लागणारे पहिले कापड सुतीच असले पाहिजे, असा लहानपणापासूनचा समज, आणि उन्हाळ्यापुरता तो शंभर टक्के खराही आहे. लोकर अंगाला टोचते म्हणून मी ताईकडच्या दोन्ही बंड्यांच्या आत माझी नेहमीची सुती बंडी घातली होती. भाच्याने दोनदा बजावले होते. मी हो म्हटले आणि मनाचेच केले. दुसऱ्या दिवशी आम्ही लाकडी पट्ट्यांसारख्या लांब, अरुंद स्कींवर सपाटीतल्या वाटेने निघालो. उतारावरून वेगाने घसरण्याचा तो प्रकार नव्हे. बर्फात यंत्राने पाडलेल्या दोन समांतर चाकोऱ्या असतात, त्यांत स्की ठेवायच्या आणि चालल्यासारखे सरकत जायचे. मी सहा-सात वेळा पडले. पडल्यावर उठायचे कसे, ही पहिली विद्या तिथे शिकवतात. आधी दोन्ही स्की एका बाजूला, शरीराला आडव्या आणायच्या, मग गुडघ्यावर यायचे. घाई केली की पुन्हा आडवे. तासाभरात लय सापडली, हातातल्या काठ्या आपोआप पुढेमागे होऊ लागल्या, आणि पंचावन्नाव्या वर्षी आपले शरीर काही नवीन शिकते आहे याचा इतका आनंद झाला की मी थांबेचना. अंगाला घाम फुटला होता. उणे वीसमध्ये घाम!

मग वाटेवरच्या लाकडी आडोशात कॉफी घ्यायला बसलो, आणि दहा मिनिटांत मला हुडहुडी भरली. दात आपटू लागले, बोटांनी पेला धरवेना. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या सत्तरीच्या बाई आमच्याबरोबर होत्या. त्यांनी काही न विचारता माझ्या मानेमागून कॉलरच्या आत हात घातला, ओली बंडी चाचपली आणि भाच्याकडे पाहून मान हलवली. दोन मिनिटांत आडोशामागे उभे करून त्यांनी ती माझ्या अंगावरून उतरवली, स्वतःच्या पिशवीतली जादा लोकरी बंडी घालायला लावली, मला उड्या मारायला लावल्या. ओली सुती बंडी त्यांनी काठीवर टांगली; आम्ही निघालो तोवर ती पापडासारखी कडक झाली होती.

तो पापड मी पिशवीत घातला तेव्हा मला सगळे उलगडले. कापूस पाणी शोषतो, धरून ठेवतो आणि ते पाणी हळूहळू उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. नागपूरच्या उन्हात आपल्याला हेच तर हवे असते. माठातले पाणी असेच गार होते, कुलरच्या वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा अशीच गार होते. माझ्या अंगावरची बंडी बर्फात बसून माठाचेच काम करीत होती. लोकरीचे तंतू कुरळे असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. घामाची ओल तंतूच्या आत ओढली गेली तरी ती हवा जागची हलत नाही, आणि अंग उबदार ठेवते ती हवाच. दोन पातळ कपड्यांच्या मध्ये तिचा आणखी एक थर सापडतो. गोठणगावच्या ताईची आई तेच सांगत होती. न पाहिलेल्या बर्फाची विद्या त्या घराने विदर्भातल्या उन्हात जपून ठेवली होती, आणि मी ती पैसे देऊन विकत घेऊनही वापरली नव्हती.

त्या बाईंनी पुढे मला सरोवरावर नेले. इनारीचे सरोवर एक हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे, त्यात तीन हजारांवर बेटे आहेत, आणि हिवाळ्यात ते सगळेच एक मैदान होते. आमच्यासोबत ‘पोत्कुरी’ होती. ही एक लाकडी खुर्ची, खाली दोन लांब लोखंडी पात्या. मागे उभे राहून एक पाय पातीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने जमीन मागे ढकलायची. वयस्क माणसे तिच्यावरून बाजारहाट करतात. खुर्चीत आमची पिशवी होती आणि बाईंच्या गळ्यात दोन लाकडी मुठी दोरीने अडकवलेल्या होत्या, प्रत्येकीत एकेक टोकदार खिळा. बर्फ फुटून पाण्यात पडलेच तर ते खिळे काठाच्या बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचे. निळसर, घट्ट असा पाच सेंटीमीटर बर्फ एका माणसाला पेलतो असे तिथे मानतात. आमच्या पायाखाली तो हातभर जाड होता. तरीही मुठी गळ्यात होत्याच. सत्तर वर्षे त्याच सरोवरावर वावरलेल्या बाईने त्या घरी ठेवल्या नाहीत, याचा माझ्या मनावर फार परिणाम झाला.

मोठ्या गिरमिटाने त्यांनी बर्फाला भोक पाडले. ते फिरवताना आधी पांढरा चुरा वर येतो, मग एकाएकी काळेशार पाणी उसळते. पाण्यावर लगेच साय धरू लागते, ती काढायला त्यांच्याकडे जे होते ते पाहून मी हसलेच, कारण तो हुबेहूब आपला झारा होता, बुंदी पाडायचा. मग विताएवढ्या काठीला बांधलेला गळ खाली सोडून रेनडिअरच्या कातड्यावर बसायचे आणि काठी हलकेच वरखाली करायची. साध्या गळाची अशी मासेमारी तिथे जवळपास सर्वत्र कोणालाही परवान्याशिवाय करता येते. जंगलात फिरण्याचा, रानफळे आणि अळंबी वेचण्याचा जो हक्क त्या देशात प्रत्येकाला आहे, त्यातलाच हा एक. पाणी चार अंशांना सर्वांत जड होते, म्हणून ते तळाशी राहते आणि गोठणे वरून सुरू होते, हे मी शाळेत पाठ केले होते. पण आपण बर्फावर बसलो आहोत आणि खाली अंधारात मासे जिवंत फिरत आहेत, हे हाताला झटका बसला तेव्हाच खरे वाटले. पट्ट्यापट्ट्यांचा एवढासा मासा वर आला. बाईंनी तो सोडायचा का, असे मला विचारले. मी हो म्हटले.

संध्याकाळी सौना. सुमारे छप्पन्न लाख वस्तीच्या त्या देशात तीस लाखांहून अधिक सौना आहेत, आणि २०२० मध्ये युनेस्कोने ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. लाकडी खोली, कोपऱ्यात तापलेले दगड, हवा ऐंशी अंशांची. मी आत बसले आणि मला घरी आल्यासारखे वाटले! कोरड्या हवेत घाम उडून जातो म्हणून ती उष्णता सोसवते. मुंबईच्या बत्तीस अंशांपेक्षा नागपूरचे बेचाळीस बरे, असे आपण म्हणतो ते त्याच कारणाने. मग बाईंनी दगडांवर लाकडी पळीने पाणी टाकले. ती वाफ कातडीवर येऊन बसते, आणि क्षणभर कान भाजल्यासारखे होतात. या वाफेला त्यांच्याकडे ‘लोयल्यु’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्यानंतर त्या सरोवरातल्या चौकोनी भोकात शिडीने उतरल्या, गळ्यापर्यंत, आणि शांतपणे बाहेर आल्या. मी पोटऱ्यांपर्यंत उतरले. आकाशात त्या रात्री उत्तरेचा प्रकाश होता, आधी ढगासारखा फिकट, मग हिरवा. त्यावर सगळेच लिहितात. मला मात्र अंगातून निघणाऱ्या वाफेतून तो पाहत, गार पडत न जाता बाहेर उभे राहता येते, हेच अधिक अपूर्व वाटले.

बाईंच्या घरचे रेनडिअर आहेत. त्यांच्या घरात इनारी सामी ही तिथल्या मूळ सामी लोकांची भाषा बोलतात, आणि इनारी तालुक्यात फिनिशसह चार भाषांना अधिकृत स्थान आहे. ही भाषा बोलणारी माणसे काहीशेच उरली आहेत. १९९७ पासून लहान मुलांसाठी ‘भाषेची घरटी’ म्हणून बालवाड्या चालवून त्यांनी ती पुन्हा उभी केली. रेनडिअर चालताना त्याच्या पायांतून टक्‌टक् असा आवाज येतो, आणि कळप जवळून गेला की पाऊस सुरू झाल्यासारखे वाटते. त्याच्या डोळ्यांचा आतला पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात गडद निळा होतो, अंधारात अधिक दिसावे म्हणून. तो बर्फ उकरून खालचे दगडफूल खातो. बाईंना थंडीची भीती नव्हती, भीती होती ती पावसाची. ऐन हिवाळ्यात हवा उबदार होऊन पाऊस पडतो, तो नंतर गोठतो, आणि जमिनीवर काचेसारखे कवच तयार होते. खुरांनी ते फुटत नाही. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे, हे मी वाचले होते. त्याचा अर्थ कवचाखाली अडकलेला चारा असा असतो, हे त्यांच्या अंगणात समजले. “थंडी थंडीसारखी पडावी,” असे त्या म्हणाल्याचे भाच्याने मराठीत सांगितले, आणि मला मृग कोरडा गेल्यावर वडील ओट्यावर बसून आभाळाकडे पाहत, ते आठवले.

आपल्या उन्हाळ्याबद्दल आपण असे बोलत नाही, याचे मला वाईट वाटते. आपल्याकडेही विद्या काही कमी नाही. दुपट्टा नाकातोंडावरून कसा बांधायचा, खिशात कांदा, घरात कैरीचे पन्हे, पडद्यांवर पाणी, अकराच्या आत सगळी कामे. पण ही सारी विद्या आपण घरात दडून राहण्यासाठी वापरतो आणि नवतपा संपण्याचे दिवस मोजतो. त्यांनी आपली विद्या बाहेर पडण्यासाठी वापरली आहे. तान्ही बाळेसुद्धा दुपारी गुंडाळून बाहेर बाबागाडीत निजवतात, आणि ती छान झोपतात. उणे अठ्ठावीस आणि सत्तेचाळीस यांत फरक आहे हे मला मान्य आहे. थंडीत कपडे वाढवता येतात, उन्हात कातडी उतरवून ठेवता येत नाही. तरीही मेमधली पहाट आपलीच आहे, पाच ते सात. परतल्यापासून मी त्या वेळी अंबाझरी तलावावर जाते. गुलमोहोर, कोकिळा आणि पाण्यावरून येणारा शेवटचा गार वारा, एवढे सगळे तिथे रोज असते, आणि मी पन्नास वर्षे त्या वेळी कुलरसमोर झोपत होते.

फेब्रुवारीत लोकरीच्या बंड्या धुऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ट्रंकेत ठेवल्या. सुती बंडी ठेवली नाही. ती आता उन्हाळ्यात वापरते आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी मी डोक्याला दुपट्टा बांधून गच्चीवर गेले आणि पाण्याने भरलेला पितळी तांब्या फरशीवर ठेवला. तिकडे ओउलूला सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. भाचा फोनवर पाहत होता. तांब्याची सावली आक्रसत आक्रसत त्याच्या बुडाखाली गेली. मी पायांशी पाहिले. माझीही नव्हती.

“आत्या, चटके बसतील, खाली जा,” तो म्हणाला.

“थांब जरा,” मी म्हटले, आणि चपलांतले पाय जवळ घेऊन आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले.